टिन सरकलं की उद्या ऊन

सरांना गावात वेडं म्हणत. म्हणणाऱ्यांची नावं मी इथे देऊ शकते. पण हातात पुरावा नसलेलं काही छापायचं नाही, अशी सवय सरांनीच लावली, आणि ही सगळी मंडळी तोंडावर विचारलं तर कानावर हात ठेवतील. म्हणून नावं गाळते. सर वेडे नव्हते, एवढं मात्र ठामपणे लिहिते. एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून अंगणात येरझारा घालणारा माणूस वेडाच असतो असं ज्यांचं मत आहे, त्यांनी जरा दम धरावा.

मी मूळची दिघोरीची. संघटनेच्या कामासाठी लाखनीजवळ खोली शोधत होते. मोर्चे काढणाऱ्या, पत्रकं वाटणाऱ्या एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होत नव्हतं. कोणी लग्न झालं का विचारे, कोणी आडनाव विचारून गप्प बसे. हायवे सोडून आत गेल्यावर एक गाव लागतं, त्या गावाच्या टोकाला आमची बौद्ध वस्ती, आणि वस्तीच्या टोकाला सरांचं गच्चीचं घर. लाखनीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झालेले. लग्न केलेलं नाही. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"संध्याकाळी अंगणात लाइट लावतेस काय?"

"गरज पडली तर लावीन."

"गरज पडली का मले सांग. गरज हाय का नाही ते मी पाहीन."

खोली मिळाली.

डोळ्यावरची पट्टी जुन्या छत्रीच्या कापडाची होती. दिवस बुडायच्या आधीच ते ती बांधत, म्हणजे तो डोळा अंधाराला तयार होतो. मी एकदा म्हटलं, "सर, दुर्बिणीला तर कॅमेरा लावला आहे. तुम्ही बघता कॉम्प्युटरवर. मग डोळा तयार करून काय उपयोग?"

"कॅमेऱ्याले शिस्त हाय म्हणून मले नको काय?"

त्यांची दाढी कायम वाढलेली. आळशीपणा म्हणाल तर चूक. घरात आलेलं प्रत्येक नवं ब्लेड मधून मोडून त्याचे दोन तुकडे यंत्राला जात. त्या दोन धारांमध्ये केसाएवढी फट ठेवायची, ताऱ्याचा उजेड त्या फटीतून घ्यायचा आणि पुढे त्याचे रंग वेगळे करायचे. त्या रंगांच्या पट्टीला पुस्तकात वर्णपट म्हणतात, सर नुसतं 'पट्टा' म्हणत. ब्लेडला जरासा गंज चढला की नवं ब्लेड, आणि गंजलेलं गालाला. त्यांच्या गालावर कायम कापसाचा एखादा बोळा चिकटलेला असे.

गच्चीवर दुर्बिणीवर एक टिनाचं छप्पर होतं, चाकांवर सरकणारं. आभाळ स्वच्छ असलं की संध्याकाळी ते खडखडत बाजूला जाई. सर ते सरकवायच्या आधी हवेचे नकाशे बघत, वारा बघत, आणि तेव्हाच हात लावत. बायकांनी हे हेरलेलं. शेजारच्या काकू ओसरीवरून ओरडत, "टिन सरकलं वं! उद्या ऊन हाय, धान वाळू घाला!" आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीत रस्त्याच्या कडेने धान पसरलेलं असे. हवामान खात्याचं चुकलं तर लोक हसत. सरांचं चुकलं तर काकू गच्चीखाली उभ्या राहून जाब विचारत.

आता ते गच्चीवर करत काय, ते सांगते, कारण गावात याबद्दल फार खोटं पसरवलं गेलं आहे. काही तारे मरताना फुटतात. असा एक तारा फुटला की तो थोडे आठवडे अख्ख्या एका आकाशगंगेच्या तोडीने उजळतो आणि मग विझत जातो. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. दुसऱ्या आकाशगंगेत तो फुटला तर इथून दिसतो एक ठिपका, काल नव्हता आणि आज आहे असा. असे ठिपके शोधायचं काम आता बहुतेक मोठ्या देशांतल्या यंत्रदुर्बिणी करतात. त्या आभाळ चाळणीसारखं चाळतात आणि नवे ठिपके इंटरनेटवरच्या जागतिक यादीत टाकतात. पण ठिपका सापडला म्हणजे तो काय आहे हे कळलं असं होत नाही. फुटलेले तारे वेगवेगळ्या प्रकारचे असतात, आणि प्रकार कळायला उजेड फोडून पट्टा बघावा लागतो. प्रत्येक मूलद्रव्याची रेघ त्यात आपल्या ठरलेल्या जागी उमटते. तेवढी फुरसत त्या यंत्रांना प्रत्येक ठिपक्यासाठी नसते. तिथे सरांसारख्याला जागा होती. जो पहिल्यांदा बरोबर प्रकार सांगेल, त्याचं नाव त्या ताऱ्यापुढे लागतं.

सरांना जन्मात एकच गोष्ट हवी होती: आपल्या गच्चीवरून, आपल्या ब्लेडच्या फटीतून, एका फुटलेल्या ताऱ्याचा प्रकार जगात सगळ्यांच्या आधी सांगायचा. कॉलेजात असताना त्यांनी मागितलेलं साहित्य कधी आलं नाही. 'तुम्ही लोक सवलतीत आले, आता आभाळात चालले काय,' असं एक सहकारी त्यांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाला होता. सरांनी हे मला हसत सांगितलं. मी हसले नाही, आणि अजून हसत नाही.

गावच्या एका माणसाने एकदा विचारलं, "मंग सर, त्या ताऱ्याची जात काय निघाली?"

सर जागेवर थांबले. पट्टीचा डोळा आणि उघडा डोळा, दोन्ही त्याच्याकडे वळवून म्हणाले, "प्रकार म्हण. जात जन्मावरून ठेवते. प्रकार तपासून ठेवते."

त्यांची माणसांकडे बघायची पद्धतही हीच. तालुक्याच्या एका पुढाऱ्याचं नाव निघालं की म्हणत, "तो टाइप वन-ए." टाइप वन-ए म्हणजे एक थंड पडलेला तारा, जो शेजारच्या ताऱ्याचं ओढून ओढून स्वतःवर चढवतो, आणि एका हद्दीपलीकडे गेला की फुटतो. "अशे सारे सारख्याच वजनाले फुटते, म्हणून उजेडही सारखाच पाडते. कुठं बी भाषण करू दे त्याले, एकच भाषण करते." टाइप टू म्हणजे मोठा तारा, स्वतःच्याच वजनाने आत कोसळणारा. त्यात सरांनी स्वतःच्या मोठ्या भावाला बसवलं होतं. मी विचारलं, मी कोणत्या प्रकारात? "तुहा पट्टा अजून धूसर हाय. उजेड लय, रेघा कमी."

हे त्यांनी माझी पत्रकं वाचून म्हटलं होतं. मला ते 'पत्रकवाली' म्हणत. छापायला जायच्या आधी पत्रक त्यांच्या टेबलावर ठेवायचं, आणि लाल पेन घेऊन ते विशेषणं उडवायचे. 'निर्लज्ज पंचायत' मधला 'निर्लज्ज' गेला. 'झोपलेलं प्रशासन' मधलं 'झोपलेलं' गेलं. उद्गारचिन्हं तर ते ढेकणासारखी टिपून मारत.

"सर, लोकांना राग आला पाहिजे!"

"राग त्यायले हायेच. तू फक्त सांग कायचा येऊन राह्यला."

आता दिव्याची गोष्ट. हायवेवर उतरून वस्तीकडे यायच्या रस्त्याला एक वळण आहे. लाखनीला ट्यूशनला जाणाऱ्या मुली संध्याकाळी तिथून चालत येतात. तिथे अंधार असायचा आणि टवाळ पोरं बसायची. आम्ही पत्रकं काढली, पंचायतीसमोर बसलो, आया-बाया पोरी घेऊन बसल्या, आणि दिवा मंजूर झाला. पण त्याच महिन्यात गावच्या मुख्य रस्त्यावर नवे पांढरे एलईडी चढले, आणि आमच्या वळणावर चढला तो पिवळा. माझ्या मते तो मुख्य रस्त्यावरून उतरवलेला जुना सोडियमचा दिवा होता. तो पेटायचा, थोडा वेळ चालायचा, विझायचा, थंड झाला की परत पेटायचा. वस्तीतल्या पोरांनी त्याचा खेळच केला. दिवा विझला की सगळ्या अंगणांतून आरोळी, "गेलाऽऽ!" पेटला की, "आलाऽऽ!"

पंचायतीचं उत्तर ठरलेलं. ग्रामसेवक म्हणायचे, "नवीन एलईडीच बसवला आहे, ताई. पिवळा एलईडी येतो आता. डोळ्यांना थंड असतो. बंद-चालू होतो तो व्होल्टेजमुळे."

मी पत्रक लिहिलं: 'वस्तीला जुना दिवा!' सरांनी 'जुना' खोडला.

"सर, पिवळा आहे, आंधळ्यालाही दिसेल!"

"पिवळ्यावर जाऊ नको. दोन उजेड डोळ्याले एकसारखे दिसते, आतून येगळे असते. दाखव, मंग लिव."

तेव्हा मला कळलं नाही की दाखवायचं यंत्र त्यांच्याच गच्चीवर होतं.

मग ती संध्याकाळ आली. यादीत एक नवा ठिपका पडलेला, पश्चिमेकडच्या एका आकाशगंगेत, सूर्य बुडाल्यावर थोडाच वेळ दिसणारा. प्रकार कोणी सांगितलेला नाही. टिन खडखडलं. मी गच्चीवर होते, कारण सरांनी मला स्वतः बोलावलं होतं, आणि असं ते कधी करत नसत. त्यांची रीत सोपी होती. आधी फटीतून ताऱ्याचा उजेड घ्यायचा. मग दुर्बीण किंचित बाजूला करून तिथल्या रिकाम्या आभाळाचा उजेड घ्यायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की गावाचे दिवे, हायवेचे दिवे, सगळं निघून जातं आणि उरतो फक्त तारा.

वजाबाकी झाली. कॉम्प्युटरवर आलेख आला, आणि त्यात पिवळ्या रंगाच्या जागी एक रेघ सुळक्यासारखी उभी. सरांनी डोळ्यावरची पट्टी काढली. मी त्यांना पहिल्यांदाच असं करताना पाहिलं.

"हेलियमची जागा हाय ही," ते हळू आवाजात म्हणाले. "फुटलेल्या ताऱ्यात हेलियमची अशी अरुंद रेघ म्हंजे... लय दुर्मीळ प्रकार. वर्षात थोडेच सापडते."

माझ्या डोक्यात पत्रक छापून तयार झालं. 'भंडारा जिल्ह्यातून जगाला उत्तर!' स्टाफरूममधल्या त्या माणसाच्या दारावर मी ते स्वतः चिकटवणार होते. "पाठवा सर! आत्ता पाठवा! दुसऱ्या कोणाच्या आधी!"

सरांनी नाव भरलं, गाव भरलं. हात बटणावर. आणि मग त्यांनी मान वर केली.

"रिकामं आभाळ घेत होतो तवा पोट्टे ओरडले होते ना?"

मला आठवलं. ओरडले होते. "गेलाऽऽ!"

"म्हंजे तारा घेतला तवा दिवा चालू. आभाळ घेतलं तवा बंद." ते खुर्चीत मागे टेकले. "मंग दिव्याची रेघ वजा झालीच नाही. ते ताऱ्याच्या नावावर राह्यली. सोडियमची रेघ हेलियमच्या अगदी खेटून असते, माह्या फटीले तेवढा फरक दिसत नाही."

"पण सर, ती हेलियमचीही असू शकते ना?"

"असू शकते."

"मग पाठवा! चुकलं तर नंतर दुरुस्त करा. सगळे तेच करतात."

"सारे करत असतीन. हा ताऱ्यातला उजेड हाय का वळणावरच्या दिव्यातला, हे मले ठाऊक नाही. ठाऊक नाही तर नाव कायले देऊ?"

त्यांनी पाठवलं नाही. मी खाली जाऊन दार आपटलं. दार आपटणं योग्यच होतं असं मला आजही वाटतं. मोठ्या देशांतल्या लोकांना चुकायची मुभा असते, आमच्या माणसाला पहिल्याच वेळी अचूक असावं लागतं, हे कुठलं गणित?

दुसऱ्या संध्याकाळी ते दुर्बीण लावून दिवा जायची वाट बघत बसले. तारा आणि आभाळ दोन्ही अंधारातच घ्यायचं ठरवलं होतं. खाली पोरं ओरडली, "गेलाऽऽ!" आणि गच्चीवर आम्ही दोघंही खूश झालो. सरांनी फट उघडली.

एवढ्यात खालून काकूंचा आवाज. "सर! ओ सर! टॉर्च द्या ना जी! दिवा गेला, पोरगी वळणावर हाय, तिचा फोन आला!"

सरांकडे एकच टॉर्च होता, काचेला लाल कागद लावलेला, आभाळ खराब होऊ नये म्हणून. तोच मी खाली नेऊन दिला. काकू त्या विझल्यासारख्या लाल उजेडात वळणाकडे पळत गेल्या. थोड्या वेळाने मुलीला घेऊन परत आल्या. मुलीला काही झालं नव्हतं. ती रडत मात्र होती.

आलेख आला तेव्हा सुळका नव्हता. त्याऐवजी तांबड्या भागात एक रुंद खळगा होता, सिलिकॉनचा, टाइप वन-एची खूण. अगदी सर्वसाधारण प्रकार. सरांनी तसं पाठवलं. यादी उघडली तर दुसऱ्या देशातल्या कोणीतरी दुपारीच तेच लिहून टाकलेलं होतं. सरांचं नाव दुसरं लागलं.

"बरोबर निघाला ना?" ते मला म्हणाले. पण आवाजात आनंद नव्हता. मला वाटलं, नाव गेलं म्हणून. तसं नव्हतं.

सकाळी ते माझ्या दारात उभे. दाढी अर्धी केलेली. "किती दिसांपासून मी तो दिवा जायची वाट पाहत असतो, माहीत हाय? गेला का मले बरं वाटे. आन् खाली लोकं पोरी आणायले पळत." मग म्हणाले, "ते 'जुना'वालं पत्रक आण."

त्या रात्री त्यांनी दुर्बीण नाही, पण ब्लेडची फट सरळ वळणावरच्या दिव्याकडे लावली आणि पट्टा काढला. शेजारी मुख्य रस्त्यावरच्या दिव्याचा काढला. एकात तुटक रेघा, दुसऱ्यात निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग उजेड. मी दोन्ही छापले. आणि सरांनी ग्रामसेवकांना दिवेलागणीला वळणावर बोलावलं. ते आले, कारण सरांनी त्यांच्या मुलाला बारावीला फिजिक्स शिकवलं होतं. अर्धी वस्ती जमली. सर डोळ्यावर पट्टी बांधूनच आले. हातात एक जुनी सीडी.

"साहेब, हे चकती तिरपी धरा. दिव्याचं प्रतिबिंब पाहा. रंग दिसते काय?"

"दिसतात."

"सलग, का तुटक?"

ग्रामसेवकांनी सीडी इकडून तिकडे फिरवली. "तसे... तुटक दिसतात."

"एलईडीचे सलग येते. पिवळा असो का पांढरा. मुख्य रस्त्यावर जाऊन पाहून या, आम्ही थांबतो. हा सोडियमचा हाय. अन् म्हातारा झाला का सोडियमचा दिवा असाच विझते-पेटते. तेच्यात व्होल्टेजचा काही दोष नाही."

नेमकं तेव्हाच पोरं ओरडली, "गेलाऽऽ!"

काकू म्हणाल्या, "डोळ्याले लय थंड पडला बाई!" आणि सगळी वस्ती हसली. ग्रामसेवकही. पुढच्या आठवड्यात नवा एलईडी चढला. पांढरा, झक्क, विझत नाही. तो आमच्या हक्काचा होता, पंचायतीचा उपकार नव्हे.

पण टिन सरकेना. आभाळ निरभ्र, तरी नाही. काकूंनी धानाबद्दल दोनदा विचारलं. मी वर गेले. सर पट्टी न बांधता बसले होते. गच्ची दुधात धुतल्यासारखी उजळलेली.

"पिवळा दिवा एका जागी बसून राहे," ते म्हणाले. "एक रेघ वजा केली का गेला. हा साऱ्या रंगात सांडते. याले वजा करायले जावा तर ताराही सोबत जाते."

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"फिजिक्स मी शिकवलं, का तू?"

"मग बोलला काहून नाही!" मी ओरडलेच.

"काय बोलू? पोरी रस्त्यानं येते. तारा थोडी पायी येते."

मी त्या क्षणी जे चिडले, ते अजून शांत झालेले नाही. कारण हा पेच खोटा आहे, आणि तो गरिबाच्या माथी नेहमी मारला जातो: पोरगी नीट घरी यावी, नाहीतर तुमच्या माणसाने आभाळ बघावं, दोन्हीतलं एक निवडा. दिव्याचा उजेड वर कशाला हवा? मुली काय उडत येतात? दिव्याला वरून आणि बाजूने झाकण बसवलं की सगळा उजेड रस्त्यावर पडतो, उलट जास्तच पडतो. हे मला सरांनीच कधीतरी सांगितलं होतं. स्वतःसाठी मागायचं त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

पत्रक लिहिलं. 'दिव्याला टोपी हवी.' उजेड खाली का पडावा, जुन्या पिवळ्या आणि नव्या पांढऱ्या दिव्याचे दोन पट्टे, खाली काकूंच्या आणि ट्यूशनच्या मुलींच्या सह्या. सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी लाल पेन उघडलं, सगळं वाचलं, आणि पेन बंद केलं.

"काही खोडलं नाही?"

"खोडाले काही ठेवलंच नाही तू."

टोपी यायला पंचायतीने पावसाळा काढला. मी तोपर्यंत तुमसरला आले, राइस मिलमधल्या कामगारांचं काम बघायला, आणि अजून इथेच आहे. सरांचं नाव यादीत अजून पहिलं लागलेलं नाही. लागेल. मी ते विशेषणाशिवाय लिहिते आहे.

टोपी बसली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले होते. वळणावर उजेडाचं गोल, पांढरं अंगण पडलेलं, त्यातून मुली गप्पा मारत येत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर लगेच अंधार सुरू होत होता. "गेलाऽऽ" म्हणून ओरडणारी पोरं टोपी बघून कंटाळली आणि घरी गेली. मग गच्चीवर खडखडलं.

"टिन सरकलं वं!" काकू ओसरीवरून ओरडल्या. "उद्या ऊन हाय!"